आड आणि पोहरा

युरोपच्या नकाशावर एड्रियाटिक समुद्राच्या काठाने चंद्रकोरीसारखा वाकलेला एक लहानसा देश आहे. त्याचे नाव क्रोएशिया. २०२१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ३८ लाख ७१ हजारांच्या आसपास भरली. आपले सुरत शहर २०११ च्या शिरगणतीतच ४४ लाखांच्या पुढे गेले होते. म्हणजे उधना, पांडेसरा, लिंबायत, कतारगाम या साऱ्या वस्त्या धरून जे आपले एक शहर होते, त्याहून तो संबंध देश लहान. परंतु या देशाने फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेत १९९८ साली तिसरा, २०१८ साली दुसरा आणि २०२२ साली पुन्हा तिसरा क्रमांक मिळविला. आपल्या एवढ्या मोठ्या भारताला त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत आजवर एकही सामना खेळता आलेला नाही. १९५० साली प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीमुळे दार आपोआप उघडले होते. तेव्हाही आपण गेलो नाही.

या चिमुकल्या देशाचा एक नामवंत खेळाडू २०१९ साली आपल्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होऊन भारतात आला, पाच वर्षे राहिला आणि २०२४ साली मोठ्या कटुतेने येथून गेला. त्याचे नाव इगोर स्टिमाच. आज आपण त्यांच्या जीवनक्रमाचा विचार करणार आहोत, तो केवळ एका खेळाडूचे चरित्र म्हणून नव्हे. शिकविणाऱ्याच्या हाती काय असते आणि काय नसते, हा प्रश्न माझ्यासारख्या शाळामास्तराला रोजच पडतो. स्टिमाच यांच्या आयुष्यात तो प्रश्न हजारो प्रेक्षकांसमोर, निकालाच्या आकड्यांनिशी उभा राहिला, म्हणून त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे.

स्टिमाच यांचा जन्म ६ सप्टेंबर १९६७ रोजी नेरेत्वा नदीच्या काठी मेत्कोविच या गावी झाला. तेव्हा क्रोएशिया हा स्वतंत्र देश नव्हता. युगोस्लाव्हिया या संघराज्याचा तो एक घटक होता. समुद्रकाठच्या स्प्लिट शहरात हायदुक नावाचा एक जुना फुटबॉल संघ आहे. १९११ साली काही विद्यार्थ्यांनी तो स्थापन केला. या संघाच्या शिस्तीत स्टिमाच यांचे खेळाचे शिक्षण झाले. तेथील पद्धत अशी की, मूल लहान असतानाच ते संघाच्या देखरेखीखाली येते. चेंडू कसा अडवावा, कसा सोडावा, आपला सोबती कोठे आहे हे मान न वळविता कसे ओळखावे, हे सारे त्याच्या अंगी अक्षरओळखीबरोबरच मुरते. पुढे मोठेपणी जो प्रशिक्षक मिळतो, त्याला अ-आ-इ-ई गिरवून घ्यावी लागत नाही.

या पायाभरणीचे फळ १९८७ साली दिसले. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात तरुणांची जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाच्या मुलांनी पश्चिम जर्मनीला पेनल्टीच्या फटक्यांवर हरवून अजिंक्यपद मिळविले. बोबान, शुकेर, प्रोसिनेच्की, यार्नी अशी पुढे जगभर गाजलेली नावे त्या संघात होती, आणि बचावाच्या फळीत वीस वर्षांचे स्टिमाच होते. अकरा वर्षांनंतर क्रोएशियाने जगात तिसरा क्रमांक मिळविला, तेव्हा त्या संघाचा कणा याच मुलांचा होता. यश मिळाले १९९८ साली. बी पेरले गेले होते त्याच्या कितीतरी आधी.

मध्यंतरी मात्र त्या देशावर फार मोठे संकट आले. १९९१ च्या वसंतात युगोस्लाव्हिया फुटू लागला. ८ मे १९९१ रोजी बेलग्रेड येथे युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस क्रोएशियाचा हायदुक आणि दुसऱ्या बाजूस सर्बियाचा रेड स्टार. जेमतेम आठवडाभरापूर्वी बोरोवो सेलो या गावी रक्त सांडले होते. रेड स्टारकडून सिनिशा मिहायलोविच खेळत होता आणि त्याचे कुटुंब त्याच बोरोवो भागातले. त्याची आणि स्टिमाच यांची मैदानावर जुंपली, नको ते शब्द निघाले आणि दोघांनाही बाहेर काढण्यात आले. सामना हायदुकने १-० असा जिंकला. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते हे वैर. ते दोन तरुणांपुरते नव्हते. दुभंगलेला देशच तेथे दोन माणसांच्या रूपाने भांडत होता.

युद्धाच्या काळात स्टिमाच स्पेनमध्ये काडिझ संघाकडून खेळले. १९९४ मध्ये ते हायदुकला परतले आणि त्या मोसमात हायदुकने आपल्या देशाचे अजिंक्यपद मिळवून युरोपातील सर्वोत्तम आठ संघांत स्थान पटकाविले. १९९५ च्या शरद ऋतूत ते इंग्लंडमध्ये डर्बी कौंटी या संघात गेले. हा संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होता. स्टिमाच यांच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी स्वतः गोल केला, पण संघ १-५ असा हरला. त्यानंतर मात्र सलग २० सामने डर्बी अपराजित राहिला आणि १९९६ साली वरच्या श्रेणीत चढला. बचावपटूचे काम दिसण्यात फारसे नेत्रदीपक नसते. गोल करणाऱ्याला टाळ्या मिळतात; गोल न होऊ देणाऱ्याला फार तर सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. तरीही वीस-वीस सामने एखादा संघ पराभव टाळतो, तेव्हा त्यामागे कोणीतरी ओरडून, सावरून, प्रसंगी दटावून दहा माणसांना जागेवर ठेवीत असतो. स्टिमाच हे काम करीत. पुढे प्रशिक्षक होण्याची बीजे बहुधा येथेच होती.

१९९८ साली फ्रान्समध्ये क्रोएशियाने जर्मनीला ३-० असे हरविले. उपांत्य सामन्यात यजमान फ्रान्सविरुद्ध पहिला गोलही क्रोएशियाचाच होता. शेवटी फ्रान्सने तो सामना २-१ असा जिंकला. तिसऱ्या क्रमांकासाठी क्रोएशियाने हॉलंडला २-१ असे नमविले. स्वतंत्र राष्ट्र होऊन पुरती सात वर्षे झालेली. त्यात एवढी मजल! आपल्या देशाकडून एकूण ५३ सामने खेळून, वेस्ट हॅम आणि पुन्हा हायदुक अशी वळणे घेत, २००२ साली स्टिमाच यांनी खेळ थांबविला.

आता चरित्राचा दुसरा भाग सुरू होतो, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक बोधप्रद आहे. उत्तम खेळाडू हा उत्तम गुरू होतोच असे नाही, हे आपण गायनात आणि कुस्तीतही पाहतो. खेळाडूचे यश त्याच्या स्वतःच्या पायांत असते. प्रशिक्षक मात्र चुनखडीच्या रेषेबाहेर उभा. जे शिकविले ते दुसऱ्याच्या पायांतून उतरावयाचे, आणि उतरले नाही तर दोष मात्र त्याचा. वार्षिक परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या शिक्षकाची जी अवस्था होते, ती याची दर सामन्याला होते.

स्टिमाच यांनी काही क्रोएशियन संघ सांभाळले आणि २०१२ साली ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या आधी या जागेवर स्लाव्हेन बिलिच होते, म्हणजे १९९८ च्या बचावफळीतील त्यांचेच सोबती. योगायोग असा की, जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत क्रोएशिया आणि सर्बिया एकाच गटात आले आणि सर्बियाचे प्रशिक्षक होते तेच सिनिशा मिहायलोविच. बावीस वर्षांपूर्वी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली ही दोन माणसे आता दोन देशांच्या संघांची वडीलधारी झाली होती. दोघांनी जुने वैर मिटविले आणि जाहीरपणे हातात हात दिला. मार्च २०१३ मध्ये झाग्रेबला क्रोएशियाने २-० असा विजय मिळविला आणि सप्टेंबरात बेलग्रेडचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दोन्ही देशांतील तापलेल्या प्रेक्षकांना आवर घालण्याची जबाबदारी खेळाडू असताना त्यांच्यावर नव्हती. गुरू झाल्यावर ती आली आणि त्यांनी ती ओळखली. मिहायलोविच २०२२ साली निवर्तले.

झाग्रेबच्या त्याच सामन्यात स्टिमाच यांनी अठरा वर्षांच्या मातेओ कोव्हाचिच याला प्रथम संधी दिली. हाच कोव्हाचिच पुढे २०१८ च्या उपविजेत्या संघात होता. परंतु गुरूच्या पदरात फळ वेळेवर पडतेच असे नाही. स्कॉटलंडकडून पराभव झाल्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टिमाच यांना जावे लागले आणि उरलेल्या दोन सामन्यांपैकी एक बरोबरीत सोडवून व दुसरा जिंकून संघाला जागतिक स्पर्धेत नेण्याचे श्रेय त्यांच्यामागून आलेल्या निको कोव्हाच यांना मिळाले. त्यानंतर इराण आणि कतार येथील संघांना शिकवून मे २०१९ मध्ये ते भारतात आले.

येथे थोडे मागे गेले पाहिजे, कारण आपल्याकडेही एक परंपरा होती. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये भारताला १०-१ असे धुऊन काढणारा संघ युगोस्लाव्हियाचाच होता. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले. चार वर्षांनी मेलबर्नला भारत उपांत्य फेरीत पोहोचला. मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर होता. पहिला गोल डिसूझांचा होता, जरी सामना आपण १-४ असा हरलो. या संघाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळाशिक्षक. १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांची सुवर्णपदके त्यांच्याच हाताखाली मिळाली. रहीमसाहेबांचे यश हे काही शेवटच्या पंधरवड्यातील सरावाचे नव्हते. हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस म्हणून आणि तेथील पोलीस संघाचे शिक्षक म्हणून ते वर्षानुवर्षे तळाशी काम करीत राहिले. आडही त्यांनीच खणला आणि पोहराही त्यांनीच सोडला. १९६३ साली ते वारले, आणि त्यांच्या पश्चात आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक पुन्हा आपल्या वाट्यास आले नाही.

स्टिमाच आले तेव्हा त्यांच्या हाती केवळ पोहरा देण्यात आला. जुलै २०१९ मध्ये आपल्या गुजरातेतच, अहमदाबाद येथे, चार देशांची स्पर्धा झाली. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध मध्यांतरापर्यंत भारत २-० असा पुढे होता. सामना संपला तेव्हा ताजिकिस्तान ४-२ असा विजयी झाला होता. उत्तर कोरियाने ५-२ असे हरविले. सीरियाशी बरोबरी झाली, तीत अठरा वर्षांच्या नरेंद्र गेहलोतने गोल केला. पराभव झाले, पण नव्या मुलांना उतरविण्याचे धोरण स्टिमाच यांनी सोडले नाही. मुंबईचा राहुल भेके आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस हे त्यांच्याच पहिल्या स्पर्धेत राष्ट्रीय संघाकडून प्रथम खेळले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहा येथे आशियाचा विजेता असलेल्या कतारला भारताने ०-० असे रोखले. सुनील छेत्री त्या दिवशी संघात नव्हता. बचाव कसा करावा हे शिकविणारा गुरू आपल्याला मिळाला आहे, याची ती खूण होती.

पुढील वर्षांत चार चषक आले. २०२१ साली मालदीवमध्ये दक्षिण आशियाचे अजिंक्यपद मिळाले, आणि २०२३ साली इंफाळ, भुवनेश्वर व बंगळूर येथे पाठोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. जून २०२२ मध्ये कोलकात्यास तिन्ही सामने जिंकून भारत आशियाई चषकास पात्र ठरला. जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत आपण शंभराच्या आत आलो. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्याच भूमीवर १-० असे हरविले. त्या काळी स्टिमाच यांचे नाव लोकांच्या तोंडी कौतुकाने येत होते.

दोषही सांगितले पाहिजेत. १९९१ चा तापट तरुण त्यांच्यातून पुरता गेला नव्हता. २०२३ च्या बंगळूर येथील स्पर्धेत रेषेबाहेरून हस्तक्षेप केल्याबद्दल त्यांना दोनदा लाल कार्ड दाखविण्यात आले. शिष्यांना संयम शिकविणाऱ्याने स्वतःच असा तोल गमावावा, हे शोभले नाही. पात्रतेची तिसरी फेरी गाठता आली नाही तर आपण जाऊ, असेही ते बोलून बसले, आणि बोललेला शब्द माणसाच्या मागे लागतो. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांशीही आपण हरलो. तीन सामन्यांत एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीस अफगाणिस्तानने आपल्याला २-१ असे हरविले. ११ जूनला दोहा येथे कतारविरुद्ध आपण एका गोलाने पुढे असताना, रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर पंचांनी कतारला गोल बहाल केला आणि शेवटी सामना १-२ असा निसटला. तो अन्याय खराच. पण एका गोलाने सारे भवितव्य लोंबकळावे, ही पाळी त्याआधीच आलेली होती. १७ जूनला महासंघाने स्टिमाच यांना दूर केले. दोन्ही बाजूंनी कडवट शब्द झाले. ५३ सामने, १९ विजय, १४ बरोबरी आणि २० पराभव, असा त्यांचा हिशोब मिटला.

परंतु श्रोतेहो, हिशोब खरोखरच मिटला काय? स्टिमाच यांच्यामागून स्पेनचे मानोलो मार्केझ आले. त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय मिळाला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये महासंघाने देशी माणूस निवडला. खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा, पण फुटबॉल मुंबईचे. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या संघांतून ते खेळले, दुखापतीमुळे खेळ थांबल्यावर मुंबई एफ. सी. या संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०१७ साली मिझोराममधील ऐजॉल संघाला त्यांनी राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले. राष्ट्रीय संघाची सूत्रे घेताच पहिल्याच सामन्यात त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरविले. अहमदाबादचे उट्टे निघाले असे वाटले. पण १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

क्रोएशियाचा झाला, स्पेनचा झाला, मुंबईचाही झाला. तीन गुरू, तीन स्वभाव, तीन पद्धती. निकाल मात्र फारसा पालटला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही आपली जुनी म्हण आहे. आपण दर दोन-चार वर्षांनी पोहरा बदलतो. कधी विलायती आणतो, कधी देशी लावतो, आणि पाणी आले नाही की त्याच्यावर राग काढतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू येतो तो विशी उलटलेला, आणि तोही वर्षातून मोजक्या दिवसांसाठी. दीर्घ शिबिरांची मागणी स्टिमाच वारंवार करीत राहिले. ती पुरी झाली असती तर थोडा लाभ झाला असता, हे खरे. परंतु सहाव्या वर्षी पायांनी जे शिकावयाचे, ते पंचविसाव्या वर्षी महिनाभराच्या शिबिरात कोणी शिकवू शकत नाही. हस्ताक्षर लहानपणी वळते. मोठेपणी फार तर सही सुधारते.

ऐजॉलचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. मिझोराम हे २०११ च्या शिरगणतीनुसार सुमारे ११ लाखांचे राज्य. डोंगराळ, सपाट जागेचा तुटवडा. तरीही तेथे मुले लहानपणापासून फुटबॉल खेळतात, म्हणून खालिद जमील यांना तेथे शिष्य मिळाले आणि त्यांची विद्या फळाला आली. लोकसंख्येने खेळाडू निर्माण होत नाहीत, हे क्रोएशियाने सांगितले आणि मिझोरामनेही सांगितले. किती माणसे आहेत यापेक्षा किती मुलांच्या पायाशी वेळेवर चेंडू आला, यावर सारे ठरते.

आमच्या उधन्याचेच पाहा. ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे येथे यंत्रमागांवर राबतात. मुले काटक आहेत, चपळ आहेत. पण कारखाना आणि चाळ यांच्यामध्ये मोकळी जागा उरते ती गल्लीएवढी, आणि चौदावे-पंधरावे वर्ष लागले की बऱ्याच घरांतून मुलाच्या मिळकतीची वाट पाहिली जाते. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचाच जातो. असे करणारे आम्ही शिक्षकच असतो, आणि आमच्या पाठीशी पालकही असतात. मग बावीस-तेवीस वर्षांनी दोहा किंवा गुवाहाटी येथे आपला संघ हरला की दूरचित्रवाणीसमोर बसून आपण प्रशिक्षकाला दूषणे देतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. फुटबॉलला बॅट नको, जाळी नको, महागडे साहित्य नको. पन्नास मुलांच्या वर्गाला दोन चेंडू, पटांगणाचा साफ केलेला एक कोपरा आणि रोजचा अर्धा तास, एवढे सहा ते बारा या वयात सातत्याने मिळाले, तर त्यांतला एखादा खेळाडू होईल आणि उरलेले एकोणपन्नास निरोगी होतील. यात तोटा कोणाचाच नाही. महापालिकेच्या शाळांनी आणि खाजगी शाळांनीही खेळाचा तास परीक्षेच्या काळातसुद्धा मोडू नये, आणि पालकांनी त्याविषयी मुख्याध्यापकांकडे तक्रार न करता उलट आग्रह धरावा, एवढीच विनंती आहे.

इगोर स्टिमाच यांना आपण काय म्हणून लक्षात ठेवावे? महान गुरू म्हणून नव्हे, आणि अपयशी परका म्हणूनही नव्हे. ते आपल्या आडाची खोली मोजून गेले. चार चषकांनी आपल्याला कळले की आपल्या मुलांच्या अंगी धैर्य आहे. आणि आशियाई चषकातील गोलाविना गेलेल्या तीन सामन्यांनी कळले की पाणी अजून किती खाली आहे. हे मोजमाप कडू असले तरी खरे आहे. यापुढे खणण्याचे काम कोण्या परदेशी पाहुण्याचे नव्हे. ते आपापल्या गावातील शाळेच्या पटांगणावर, सकाळच्या पहिल्या घंटेपूर्वी, आपणालाच करावयाचे आहे.